कुल्फीच्या डब्यातला रस

ढोके सरांमुळे माझा पाय शाबूत आहे, हे आधी सांगतो. कारण पुढं मी त्यांचं काय वाटोळं केलं ते ऐकल्यावर तुम्ही मला शिव्याच द्याल.

सर फ्रिज उघडण्याआधी दारावर टकटक करायचे. "आतमंधी मंडळी हाये, बापू. असं धाडकन उघडू नाही!"

मी करमाळ्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला. वणीत कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. पायाची जखम चिघळली, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या सरांनी नुसत्या वासावरून ओळखलं. दवाखान्यात नेऊन डॉक्टरांशीच भांडले, "पहिले पू तपासा, मंग औषध द्या!" पाय वाचला. गाडी लगेच चालवता येईना, म्हणून मी सरांच्या बाटल्या धुऊ लागलो.

सर कॉलेजात जंतूंचा विषय शिकवून रिटायर झालेले, आता खोलीतच औषध शोधत होते. जंतूंना मारणारे विषाणू असतात म्हणे. त्यांच्यातला एक रस जंतूचं कवच फोडतो. पण वणीच्या उन्हात हा रस दोन दिवसांत बाद. तो टिकावा म्हणून सर त्यात कधी साखर, कधी मीठ घालून बघायचे. गल्लीतले विचारायचे, "काय सर, झालं का सरबत?"

"झालं का पहिले तुलेच पाजतो!"

मे महिन्यात सर पेन्शनच्या कामाला यवतमाळला गेले आणि इकडं लाईट गेली. दुपार झाली तरी येईना. रस गार ठेवायचा, एवढंच मला ठाऊक. कुल्फीवाल्याचा डबा आणला, बर्फात मीठ घातलं आणि सगळ्या कुप्या त्यात पुरल्या. जितकं गार तितकं बरं, ही माझी अक्कल.

संध्याकाळी सरांनी कुपी उजेडात धरली. आत नासलेल्या दुधासारखे पांढरे धागे.

"गोठवलं काय रे?"

"हो, सर."

"याले थंडं लागते, बापू. गोठलं का मोडते थे."

तरी त्यांनी जंतू वाढवलेल्या काचेवर एक थेंब टाकला. रस जिवंत असता तर थेंबाखाली स्वच्छ गोल पडला असता. सकाळी काच गढूळच होती.

"परत करता येईल ना, सर?"

"कायचं करतं! विषाणूबी त्याच कुप्याईत होता. दीड वर्ष लागलं होतं थो सापडाले."

निघून जावं म्हणून मी पिशवी भरायला घेतली. त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

"बस," सर म्हणाले. ट्रंकेतून त्यांनी बायकोचा जुना रिपोर्ट काढला. औषधांची लांबलचक यादी, आणि प्रत्येकापुढं एकच शेरा: लागू पडत नाही.

"टाके पिकले होते, तिनं सांगितलंच नाही. मी लय रागावलो. दवाखान्यात बी रागावूनच राह्यलो होतो. मंग आयकाले थे राह्यलीच नाही." कागदाची घडी त्यांना नीट जमेना. "तुले नाही रागावत."

आता मी पुन्हा गाडीवर आहे. असले विषाणू नाल्यात सापडतात, म्हणून गाडी थांबेल तिथल्या नाल्याचं पाणी बाटलीत भरतो आणि सरांना नेऊन देतो. आजवर एकाही बाटलीत काही निघालेलं नाही. सरांचे हातही हल्ली थरथरतात. पण मी भरत राहणार. मी जे मारलं ते एक दिवस जिवंत त्यांच्या हातात देईन, सर बघायला आहेत तोवर.