बाहुली क्रमांक एकची नोंद

जी गोष्ट नोंदवली गेली नाही ती घडलीच नाही, हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं तत्त्व होय. आणि एकदा नोंदवली गेली की तिला पुन्हा घडायचं काही कारण उरत नाही, हे दुसरं. या दोन तत्त्वांवर आमचं बाहुलीकोश मंडळ उभं होतं. मी त्याचा चिटणीस. इथे सांगतो ते सर्व इतिवृत्तात आहे (काही ठिकाणी चहा सांडला आहे).

मंडळाच्या दोन समित्या होत्या. साताऱ्याची समिती छापील कोश करत होती. तिचे प्रमुख तात्या खरे, मूळचे वाईचे, वय एकाहत्तर; छापलेल्या पानातली चूक त्यांना पान उलटण्याआधी दिसे. सांगलीची समिती कोशाची सीडी करत होती. तिचा प्रमुख शौनक, पुण्याहून संगणक शिकून आलेला, वय सत्तावीस. तात्यांचं म्हणणं, सीडीला वास नाही, कडेला टिपण करता येत नाही, आणि डुलकी लागली तर ती तोंडावर घेता येत नाही. शौनकचं म्हणणं, छापील बाहुली हलत नाही. त्याच्या सीडीवरची हलायची. तिचा उजवा हात वर जायचा. तो खाली यायला दुसरी सीडी घालावी लागे. १९९८ साली जगात याच्या पुढे कोणी गेलं असेल असं आम्हाला वाटत नव्हतं.

दोन समित्यांत मिळून बाहुली मात्र एकच. माणदेशातले आकाराम आणि त्यांची बायको हरणाबाई यांच्या घरची, दोऱ्यांवर नाचणारी, दीड हात उंच. आकारामांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी वाटणी झाली तेव्हा थोरल्याला मेंढरं मिळाली आणि धाकट्याला ही. गेल्या चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिला आठ दिवसांच्या बोलीवर आणलं, 'बाहुली क्र. १' अशी चिठ्ठी चिकटवली आणि काम इतक्या कसोशीने केलं की अकरा महिने झाले तरी ते आठ दिवस संपले नाहीत.

तात्यांनी तिची मापं सहा वेळा घेऊन सरासरी काढली. नाकाला स्वतंत्र नोंद मिळाली (अडीच पानं). शौनकने तिच्या एकशे चार प्रतिमा घेतल्या, पैकी एकशे तीन संगणकात मावल्या नाहीत. सोमवारी ती एस.टी.ने सांगलीला जाई, गुरुवारी साताऱ्याला परत येई. कंडक्टर तिला खिडकीजवळची जागा देऊ लागला होता.

एका मुद्द्यावर मात्र दोन्ही समित्या एक झाल्या. दोऱ्या. छपाईत त्या चेहऱ्यावरून जात आणि पडद्यावर चरा पडल्यासारख्या दिसत. तेव्हा त्या कापण्यात आल्या. मंडळाच्या इतिहासात सर्वानुमते झालेला हा एकमेव ठराव.

फाल्गुनात आकाराम साताऱ्याला आले.

"आवं तात्या, चैत आला. बाहुली द्या. एकडाव नाचवतो आन् माघारी आनून देतो."

तात्यांनी शांतपणे समजावलं. नोंदीतली बाहुली नाचवता येत नाही. नाचली की झिजते, झिजली की माप बदलतं, आणि माप तर छापून झालं.

"मग मरंल की ती," आकाराम म्हणाले.

त्यांच्या घराण्याची रीत अशी की बाहुलीने वर्षातून एकदा तरी नाचायचं, आणि घराबाहेरच्या एका तरी माणसाने तो नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. वर्ष सरलं आणि हे झालं नाही, तर बाहुली मेली. मग तिला नदीत सोडायची, घराने आंघोळ करायची, पेटी मोडून चुलीत घालायची.

"आज्यापासनं एक वरीस चुकलं न्हाई," ते म्हणाले. "दुष्काळात गावात कुनी न्हवतं, तवा छावनीवरच्या शिपायाला हाता-पाया पडून बसवला."

तात्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी ती रीत ताबडतोब नोंदवून घेतली (पुरवणी, पान ४१२).

बाहुली द्यायला खरी अडचण निराळी होती. प्रस्तावना सर्वांत आधी छापली होती, आणि तिचं पहिलंच वाक्य होतं: 'बाहुल्यांचा खेळ आता लुप्त झाला आहे.' बाहुली नाचली असती तर पाचशे प्रती एकदम खोट्या पडल्या असत्या. एका बाईसाठी, तीही लाकडाची, एवढा धोका कोण पत्करणार?

प्रकाशन चैत्रात ठरलं, नेमकं जत्रेच्या दिवशी. बाहुलीचं वर्ष त्याच संध्याकाळी सरत होतं. सातारा आणि सांगली यांच्या मध्यावर म्हणून समारंभ आष्ट्याला (मध्य कराडला येतो, पण तिथलं सभागृह लग्नाला गेलं होतं). संध्याकाळी सहा वाजता बासष्ट निमंत्रित हजर. आकाराम आणि हरणाबाई 'ऋणनिर्देश' या रांगेत. बाहुली व्यासपीठावर, काचेच्या पेटीत.

तात्यांनी प्रती वाटल्या. सगळ्यांनी माना खाली घालून आपापली नावं शोधायला घेतली. शौनकने सीडी लावली. पडद्यावर बाहुलीचा हात वर गेला आणि वीज गेली.

हरणाबाई उठल्या. "उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दिस बुडायला घटकाच ऱ्हायलीया."

आकारामांनी व्यासपीठावर जाऊन काच सरकवली, बाहुली हातात घेतली आणि दोऱ्या कुठे आहेत ते बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी माझ्या टेबलावरच्या अकरा फायलींच्या लाल फिती सोडल्या आणि बाहुलीच्या मनगटांना, मानेला, कंबरेला बांधल्या. हरणाबाईंनी चहावालीच्या हातातला ट्रे घेऊन त्यावर ठेका धरला आणि गाणं उचललं.

बाहुली सात मिनिटं नाचली. कशी नाचली ते मी सांगू शकत नाही, कारण फिती गेल्यामुळे माझे कागद पसरले होते आणि मी खाली वाकून पृष्ठक्रम लावत होतो. तात्या नाच बरोबर चालला आहे का हे पडताळण्यासाठी पान २३७ शोधत होते. शौनक टेबलाखाली बॅटरी घेऊन तारा तपासत होता. बाकीच्यांपैकी ज्यांना आपलं नाव सापडलं ते शेजाऱ्याला दाखवत होते. ज्यांना सापडलं नाही ते पुन्हा पहिल्यापासून.

ठेका थांबला.

"कुनी बघितला?" हरणाबाईंनी विचारलं.

"कितवं पान?" तात्या म्हणाले.

आकारामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि बाहुलीला गुंडाळायला घेतलं, नदीवर न्यायचं तसं.

"मी बघितला की!" दारातून आवाज आला. चहा देणारी माया. "पैल्यापासनं शेवटापत्तुर. ट्रे माजाच वाजत हुता, जानार कुटं? बाहुली कशी तरण्या पोरीगत वळली बघा, लय हसले मी!"

आकाराम तिथेच व्यासपीठावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी इतिवृत्त लिहायला घेतलं (इथेही चहा सांडला आहे).

मायाचं नाव निमंत्रितांच्या यादीत नाही, असा मुद्दा तात्यांनी रीतसर मांडला.

"आवं, यादीतल्यांनी काय दिवे लावले?" हरणाबाई म्हणाल्या. संध्याकाळच्या विट्याच्या गाडीने दोघं बाहुली घेऊन गेली. आमच्या अकराही फिती घेऊन.

खेळ लुप्त झाला नसल्याचं आता बासष्ट साक्षीदारांसमक्ष सिद्ध झालं होतं (साक्षीदारांनी पाहिलं नव्हतं, ते सोडा). पण मंडळ डगमगलं नाही. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र घातलं: 'प्रस्तावना, ओळ पहिली. "खेळ" ऐवजी "प्रेक्षक" असे वाचावे.' उरलेल्या सीड्या तासगावच्या एका बागाईतदाराने द्राक्षांवरची पाखरं हाकायला नेल्या. दोरीला बांधल्यावर त्या फारच छान हलतात असं त्याचं पत्र आलं आहे.

एक किरकोळ उणीव राहिली. गाडी सुटताना माया खिडकीशी उभी राहून बाहुलीला नावाने हाका मारत होती. तिला नाव होतं! चारशे चौतीस पानांत ते नाही, दोन्ही सीड्यांवर नाही. तुला कसं कळलं, असं मी मायाला विचारलं.

"इचारलं," ती म्हणाली.

ते नाव मी इथेही लिहिलेलं नाही. पण आपण पहिल्या ओळीपासून इथवर आलात आणि नावावाचून आपलं कुठेच अडलं नाही. अशाच वाचकांसाठी आम्ही कोश केला आहे. पत्ता कळवा, प्रत पाठवतो.