खैरनार अण्णांचे सत्तावीस भुंगे

आमच्या खाली राहणारे खैरनार अण्णा रोज सकाळी साडेसहाला भुंग्यांची हजेरी घेतात. डोक्याला माकडटोपी, डाव्या हातात साबणाच्या पाण्याचा स्टीलचा वाडगा, खिशात वही. लाल भोपळ्याच्या वेलाचं एकेक पान उलटायचं, तांबडा भुंगा दिसला की खाली वाडगा धरायचा आणि पानाला टिचकी मारायची. "एक." टिचकी. "दोन." कॉलनी दात घासत असते तेव्हा अण्णा मोजत असतात.

मी एकदा विचारलं, "अण्णा, इतक्या सकाळी कशाला? नऊ वाजता काढा की."

"नऊला ते उडतात. आत्ता गारठ्यानं सुस्त असतात. तुमच्या ऑफिसातल्यासारखे."

मी सरकारी ऑफिसात आहे. पुन्हा विचारलं नाही.

अण्णांची सगळी नोकरी नाशिक रोड स्टेशनवर मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपण्यात गेली. उभ्या जन्मात एका डब्याची चूक नाही, असं ते स्वतःच सांगतात, आणि कुणी विचारायच्या आत सांगतात. "नोंद पाहिजे" हे त्यांचं पालुपद. दूधवाला उशिरा आला तरी नोंद, टँकर आलाच नाही तरी नोंद. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी वही उघडली की लोक चपला शोधायला लागतात.

औषधाचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. मागे दया येऊन मी दुकानातून फवारायचं औषध आणून दिलं. चष्मा लावून त्यांनी लेबल वाचलं आणि बाटली माझ्या हातात परत ठेवली. "याच्यानं मधमाशी पण मरती. मग भोपळे काय तुमच्या ऑफिसातून मंजूर होऊन येणार?" त्यांचा इलाज म्हणजे राख. गच्चीवर सोलर आहे, तरी अण्णा अंगणात बंब पेटवतात. आंघोळ हे निमित्त. चाळलेली राख फडक्यात बांधतात आणि पानांवर दव असतानाच हलक्या हाताने झटकतात, म्हणजे ती चिकटते. वारा असला तर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही भुंगे लागत नाहीत.

हे सगळं शास्त्र मुळात शोभाकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. काकू कळवणकडच्या, शेतात वाढलेल्या. बी त्यांच्या माहेरचं. अण्णांना तेव्हा दुधी आणि भोपळ्यातला फरक ताटात आल्यावर कळायचा. दीड वर्षापूर्वी लेकीला बाळ झालं म्हणून काकू तीन महिन्यांसाठी बंगळुरूला गेल्या. जाताना कागदात बी बांधून दिलं आणि म्हणाल्या, "वेल सांभाळा. मी आले की भोपळ्याचे घारगे करू." त्या तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. लेक-जावई दोघंही नोकरीला, बाळ आजीशिवाय जेवत नाही. अण्णा एकदा तिकडे राहायला गेले आणि आठव्या दिवशी परतले. चौदाव्या मजल्यावर उलटायला एक पान नव्हतं.

रोज सात वाजता काकूंचा फोन येतो. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावतात, त्यामुळे अख्ख्या विंगला ऐकू येतं. तब्येत, जेवण, कशाचं नाव नाही.

"आज एकोणीस."

"मागची पानं पाहिली का?"

"पाहिली."

"राख?"

"टाकली."

संपला फोन. चाळीस वर्षांच्या संसारात बोलायला एवढंच उरलं का, असं वाटून मला वाईट वाटायचं.

परवा दुधाची पिशवी घ्यायला मी खाली उतरले. यंदाचा वेल आता चांगला दांडगा झालाय, सात भोपळे धरलेत. अण्णा फोनवर सांगत होते, "आज सत्तावीस. लय वाढलेत. माझ्या एकट्याच्यानं नाय होत आता."

वाडगा कट्ट्यावर होता. मी सहज डोकावले. आत नुसता फेस. भुंगा एकही नव्हता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वेलाकडे वळवली.

"कोण आहे तिथं?" काकूंनी विचारलं.

"वरची मनीषा."

"तिच्याकडे द्या."

मी फोन घेतला. काकूंनी आधी स्पीकर बंद करायला लावला. "आता खरं सांग. किती आहेत?"

उभ्या जन्मात एक डबा न चुकवलेला माणूस माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता.

"सत्तावीस, काकू," मी म्हटलं.

काकू हळूच म्हणाल्या, "अगं, वेल कोवळा असतो तेव्हा भुंगे छळतात. एवढी फळं धरल्यावर कुठले सत्तावीस? महिनाभर ऐकतेय मी." मागे बाळ रडायला लागलं. "त्यांना काही बोलू नकोस. म्हणावं, एक भोपळा वेलावरच राहू द्या. मी येते."

फोन ठेवल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"एक भोपळा वेलावरच ठेवा म्हणाल्या. येते म्हणाल्या."

अण्णांनी खिशातून वही काढली. पेनाचं टोपण उघडलं.

"तारीख?"

"तारीख नाही सांगितली."

त्यांनी टोपण परत लावलं. वाडगा उचलला आणि पहिल्यापासून एकेक पान उलटायला लागले.