पेंटरकाकांच्या आत्म्यासाठी मिस्सा

त्या दुपारी फ्रेमच्या दुकानात शुद्धिस्थानावरून, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मे जिथे शुद्ध होतात त्या जागेवरून, नेहमीसारखी जुंपली होती.

"स्वर्गाला वेटिंग रूम लागतेच कशाला?" पेंटरकाका स्टुलावरून हात उडवत म्हणाले. "आत घ्यायचं तर घ्या, नाहीतर नाही म्हणा. मोकळं करा माणसाला!"

"तू हा असा रंगाने बरबटलेला थेट लग्नाला जाशील?" बाबा काचेवरून नजर न काढता म्हणाले. "आधी हातपाय धुशील ना? बस, तेवढंच शुद्धिस्थान."

"शास्त्रात दाखव."

"आमच्या शास्त्रात आहे."

"आमच्यात नाही."

"तुम्ही बायबलातली ती पानं काढून टाकलीत म्हणून नाही! म्हणजे माझ्या भिंतीवरचा आरसा तूच उचलून न्यायचास आणि वर तूच विचारायचंस, काय रे, तुझ्या दुकानात साधा आरसा नाही?"

चहा घेऊन आलेली बाबांची लेक हसू दाबत कप ठेवून मागच्या घरात निघून गेली. बाबा कॅथलिक, पेंटरकाका प्रॉटेस्टंट. बाबा दिवसभर संतांच्या तसबिरी चौकटीत बसवायचे, आणि शेजारच्या गाळ्यात पेंटरकाका पाट्यांवर अक्षरं रंगवायचे. देव माणसाशी शब्दांत बोलला, फोटो काढून पाठवले नाहीत, हे पेंटरकाकांचं आवडतं वाक्य. "अरे, पण तुझ्या अक्षरांना चौकट कोण करून देतो?" हे बाबांचं उत्तर.

शुद्धिस्थान संपलं की येशूच्या आईवर, मरियेवर गाडी यायची.

"मी थेट बापाशी बोलतो. मध्ये आई कशाला?"

"थेट बोलतोस म्हणूनच तुझी कामं होत नाहीत. आईच्या कानावर घातलं की काम होतं, हे घराघरातलं पोर सांगेल."

त्या दिवशी पेंटरकाका जरा जास्तच तापले. उठता उठता म्हणाले, "हे बघ, माणूस गेला की त्याचा निकाल लागलेला असतो. उद्या तू गेलास ना, तर मी तुझ्यासाठी प्रार्थनेचा एक शब्द काढणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"नको काढूस. मी तुझ्यासाठी काढीन. तुला चालो न चालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत. झोपेतच गेले. इतक्या मुकाट्याने त्यांनी आयुष्यात दुसरं काहीच केलं नव्हतं.

दफनाला पेंटरकाका आले. फाटकापाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि कोणाशीही न बोलता गेले. त्यानंतर त्यांचं दुकान उघडलं नाही. लेक रोज कॉलेजात शिकवून येताना दोन बंद शटरं बघायची. एक बाबांचं, ते तिला कळत होतं. दुसऱ्याचं काय करावं, ते कळत नव्हतं. जाऊन विचारावं असं रोज वाटायचं. पण तिच्या घरात कोणी मनातलं बोलायचंच नाही. बाबा देखील बोलायचे ते फक्त धर्माबद्दल.

बाबांना जाऊन महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे त्यांच्या आत्म्यासाठी चर्चमधली उपासना, शनिवारी संध्याकाळी ठरली. फादर म्हणाले, "शेवटी तुम्ही चार शब्द बोला." तिने हो म्हटलं आणि पस्तावली. वर्गात ती तासभर बोलू शकायची, पण बाबांवर दोन ओळी लिहायला बसली की तिसरी येईना. तीन कागद फाडले. चौथ्यावर थोरामोठ्यांची वचनं जमली, बाबा मात्र त्यात कुठेच नव्हते. शिवाय बोलायचं कोणापुढे? आई कधीच गेलेली, भाऊबहीण नाही, बाबांची सगळी मैत्री एका माणसाशी आणि तो प्रॉटेस्टंट. रिकाम्या बाकांसमोर उभं राहून कागद वाचण्याची तिला धास्तीच बसली होती.

तशात त्याच्या आदल्या रविवारी दुसरी मिस्सा संपताना फादरांनी आठवड्याच्या सूचना वाचल्या. "शनिवारी संध्याकाळची मिस्सा फ्रेमवाल्यांच्या आणि महिन्यापूर्वी देवाघरी गेलेल्या आपल्या पेंटरकाकांच्या आत्म्यासाठी."

चर्चमध्ये हलकल्लोळ झाला.

"पेंटर गेले? आणि महिना झाला?"

"तरीच दुकान बंद आहे!"

"मित्राच्या पाठोपाठ गेला बिचारा. पण आपल्याकडे मिस्सा कशी?"

"मरताना कॅथलिक झाला असणार. फ्रेमवाल्याने शेवटी केलाच त्याला!"

 महिनाभर लेक त्या शटरवर मनातून चिडली होती, आणि शटरमागे हे! ती तशीच रिक्षा करून पेंटरकाकांच्या घरी धावली. दाराशी फुलांचा मोठा हार टेकवून ठेवला होता. तिने घंटी वाजवली.

दार पेंटरकाकांनीच उघडलं. अंगात बनियन, हातात अर्धवट सोललेलं केळं.

"तू पण हार आणलास का?" ते वैतागून म्हणाले. "ठेवायला जागा नाही आता!"

लेक उंबऱ्यातच बसली आणि हसत सुटली. महिन्याभरात पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसू लागली. आतून काकू आल्या.

"बाई, तूच विचार यांना. पहाटेच्या मिस्सेतही म्हणे हीच सूचना वाचली, तेव्हापासून सात जणी माझ्या गळ्यात पडून रडून गेल्या. आठवीला मी म्हटलं, अहो, ते आत आंघोळ करतायत! तर ती माझ्याच पाठीवरून हात फिरवते. म्हणते, असं वाटतं हो सुरुवातीला."

"काका, हे झालं कसं?"

पेंटरकाकांनी केळ्याची साल आणखी खाली ओढली. मग पुटपुटले, "फोन केला होता तुमच्या चर्चच्या ऑफिसात. तुझ्या बाबासाठी एक मिस्सा सांगायला. समोर गेलो असतो तर गावभर झालं असतं, म्हणून फोन."

"तुम्ही? मिस्सा?"

"ओरडू नकोस! तिकडे कोणी नवीन बाई होती. म्हणाली, नाव सांगा. आता कुठल्याही ऑफिसात पहिलं नाव फोन करणाऱ्याचं विचारतात. मी म्हटलं, पेंटर. ती म्हणाली, पाट्या रंगवणारे? म्हटलं, तेच. तर म्हणते, अरेरे, कधी गेले? मला वाटलं, तुझ्या बाबाचं तिला ठाऊकच असणार. म्हटलं, महिना होईल. कसे गेले? झोपेत. कोणाकडून मिस्सा? म्हटलं, ते नाव जाहीर करू नका." त्यांनी केळ्याचा घास घेतला. "आम्हाला काय माहीत, तुमच्यात आधी मेलेल्याचं नाव विचारतात!"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि पेंटरकाकांच्या चर्चचे पाळकसाहेब धापा टाकत वर आले. त्यांनी पेंटरकाकांना नीट न्याहाळलं.

"जिवंत आहात. प्रभूची कृपा," ते म्हणाले. "तुम्ही मेलात, हे मी समजून घेतलं असतं. पण मिस्सा? माझ्या मंडळीतल्या माणसाने?"

"साहेब, ती माझ्यासाठी नव्हतीच. मित्रासाठी होती."

"मेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करत नाही!"

"मी कुठे केली? ते लोक करणार होते. मी फक्त सांगितलं."

पाळकसाहेबांनी कपाळावर हात मारला. "हे तर पक्कं कॅथलिक उत्तर झालं!"

ते पायऱ्या उतरत बजावून गेले. "शनिवारी मी मंडळी घेऊन येतोय. तुमच्या नावाने काही होऊ देणार नाही."

लेकीने ऑफिसात सांगून चूक दुरुस्त करायला लावली. पण दुरुस्ती सांगायला पुढचा रविवार उजाडावा लागणार होता, आणि गावात बातमी आपल्या पायांनी फिरत होती. बुधवारी पेंटरकाका केस कापायला गेले, तर न्हाव्याच्या हातून कैची पडली. मोठ्या चौकातल्या दुसऱ्या पेंटरने त्यांच्या दोन गिऱ्हाइकांना "आता माझ्याकडेच या" म्हणून निरोप धाडला. तेव्हा मात्र पेंटरकाका खवळले. "शनिवारी येतो," त्यांनी फोनवर लेकीला सांगितलं. "सगळ्यांपुढे उभा राहतो. माझं मरण मलाच आवरायला हवं."

शनिवारी लेक चर्चच्या दारात आली आणि थबकली. बाक भरले होते. डावीकडे पेंटरकाकांसाठी हळहळणारे कॅथलिक, उजवीकडे हाताची घडी घालून बसलेले प्रॉटेस्टंट, पुढे पाळकसाहेब. भिंतींना टेकून लोक उभे होते. फादरांनी आत येताच एकदा चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"गेल्या रविवारी पेंटरकाकांच्या आत्म्यासाठी म्हणून जे..." त्यांनी दुरुस्ती सांगायला सुरुवात केली, तोच मागच्या बाकावरून आवाज आला.

"फादर, मी जिवंत आहे!"

दोन बायका किंचाळल्या. एका म्हातारीने मागे वळून पेंटरकाकांना दटावलं. "असाल हो, पण बसा खाली. मिस्सा चालू आहे."

चर्चभर हशा पिकला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. फादर हसू आवरत म्हणाले, "चूक आमची. पण काका, आमच्यात जिवंत माणसासाठी देखील मिस्सा होते. तुमची वाया जाणार नाही."

"माझी नकोच," पेंटरकाका उभेच होते. त्यांनी टोपी काढली. आवाज एकदम खाली आला. "माझी पण त्याच्याच नावावर घाला. त्याला दोन लागतील. फार वाद घालायचा."

कोणी हसलं नाही. फादरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तर मग फ्रेमवाल्यांसाठी." डावीकडचे सगळे गुडघ्यांवर गेले. उजवीकडचे एकमेकांकडे बघू लागले. मग पाळकसाहेब सावकाश उठले, मान खाली घातली, आणि त्यांच्या मागे सगळी मंडळी उठली. बायकोकडे झुकून ते पुटपुटले, "ही प्रार्थना नाही. हा आदर आहे." पण ओठ हलत होते, ते लेकीने पाहिलं.

अख्खं आयुष्य एका माणसाला पटवता पटवता दमलेल्या बाबांनी आज एका दमात दोन मंडळ्या पटवल्या होत्या.

शेवटी फादरांनी तिला खूण केली. ती पुढे गेली. चौथा कागद उलगडला, पहिलं वचन पाहिलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकला. समोर एकही रिकामी जागा नव्हती.

"माझे बाबा रोज दुपारी भांडायचे," ती म्हणाली. "फक्त ह्या एका माणसाशी."

"तोच सुरुवात करायचा!" मागून आवाज आला. पुन्हा हशा झाला. तिने तो ओसरू दिला.

"कॉलेजात मी वर्षानुवर्षं सकाळचे तास मागून घेतले. थंडीत, अंधारात उठून जायचे. सगळे विचारायचे, का? मी म्हणायचे, सोयीचं पडतं."  मग ती लोकांकडे न बघता, वर कुठेतरी बघत, शांत आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबा, मला दुपारी घरी राहायचं असायचं. तुमचं बोलणं ऐकायला. आणि दर दुपारी, बाबा, मी तुमच्याच बाजूने होते."