तुंबलेली टिचकी

एका जंगलात उंदरांचं एक मोठं बीळ होतं आणि त्या बिळाचा एक नियम होता. मोठे बसलेले असताना लहानांनी उठायचं नाही. का, ते विचारायचं नाही. आणि बाळांनो, मोठे कायम बसलेलेच असत.

मोठे स्वतः मात्र हव्या त्या कोपऱ्यात मुतत. त्याला ते परंपरेच्या खुणा म्हणत. लहान उंदीर नाक दाबून त्या खुणांना नमस्कार करत.

त्या बिळात टिचकी नावाची एक तरुण उंदरीण होती. लघवीला लागली की ती जरा हलायची.

"बस खाली!" बिळाचे कारभारी अण्णा ओरडायचे.

ती बसायची. पुढे पुढे अण्णा नुसते खाकरले तरी तिची लघवी आत पळायची. मग मोठे जेवायला म्हणून तेवढे उठले की ती आडोशाला जाऊन बसायची. थेंब नाही.

पोट टपोऱ्या जांभळाएवढं फुगलं.

"अगं बाई, लग्नाआधीच?" आत्या कुजबुजली.

"आत्या, मूत आहे ते," टिचकी कण्हत म्हणाली.

दुखण्याचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. पण आता अब्रूचा प्रश्न होता. लगेच साळिंदर वैद्य आले. त्यांनी पोट चाचपलं.

"भीतीनं अंगात एक रस सुटतो. ताणाचं हार्मोन म्हणा. मग मेंदू मूत्राशयाला सांगतो, आता नको, मोठे बघतायत. रोज असं झालं की ते ताणून ताणून ढिलं पडतं. मग मोठे नसले तरी रिकामं होत नाही. आणखी थांबलात तर पोरगी जाईल."

"आमच्या वेळी नव्हते असले रस," अण्णा म्हणाले.

"होते. तुमच्यावर ओरडणारे मेले, तेव्हा थांबले."

"मग उपाय काय?" आत्यानं विचारलं.

"कुणी ओरडणार नाही अशा जागी तिला ठेवा."

मोठे विचारात पडले. अशी जागा कुणालाच आठवेना.

शेवटी त्यांनी बैठक बोलावली. विषय होता, मन खंबीर कसं करावं. टिचकीला मधोमध बसवलं. अण्णा बोलू लागले. बोलतच राहिले.

टिचकी उठली.

"बस खाली!"

"नाही."

"निघालीस कुठे?"

"कुठेच नाही. इथेच मुतणार. तुम्ही मुतता त्याच कोपऱ्यात."

अण्णांचं तोंड उघडलं, पण त्यातून शब्द येईना. आत्या गप्प. सगळे मोठे गप्प. बिळात पहिल्यांदाच शांतता झाली. आणि त्या शांततेत आधी एक थेंब, मग चांगली दणदणीत धार ऐकू आली.

तात्पर्य: मोठ्यांचे बोल औषधासारखे असतात, असं मोठे म्हणतात. मोठ्यांचं मौन मात्र खरोखरच औषध असतं. मोठ्यांनी ते सकाळ-संध्याकाळ घ्यावं, गुण लहानांना येतो.