हौसाचा बर्फ

शेवगावच्या बाजारातून परत येताना मुरमाच्या टेकडीपाशी हौसानं मला हात आडवा करून थांबवलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तिच्या डोक्यावर पाटी, माझ्या हातात रॉकेलचा डबा, वर ऊन.

"आधी मी जाते. पार झाले की हात करीन, मग निघा. अन नजर हलवू नका."

ती उतारावरच्या आडव्या वाटेनं गेली, पलीकडं बाभळीखाली उभी राहिली आणि हात केला. मग मी निघालो. मागून सायकल ढकलत गावचा शिंपी आला.

"काय नाना, काकूंनी आज पन मागंच ठेवलं व्हय?"

"बर्फ हाय म्हनं," मी म्हणालो. तो हसत हसत सायकलसकट आडवा व्हायचा राहिला.

हौसा माझी बायको. बर्फाचा डोंगर तिनं जन्मात पाहिला नव्हता, मीही नाही. गोळेवाल्याकडं भुशात गुंडाळलेली लादी पाहिलेली, तेवढंच. पण आमचा किसन फौजेत, पार उत्तरेला. मागच्या सुट्टीत त्यानं आईला सांगितलं की तिकडं उतारावरून बर्फाची रासच्या रास सुटते आणि माणसं गाडली जातात. म्हणून एका वेळी एकानंच पार व्हायचं, बाकीच्यांनी थांबून बघायचं. कुणी वाहून गेलाच, तर शेवटचा जिथं दिसला तिथून खाली उकरत जायचं. मी ऐकलं आणि झोपलो. हिनं ते धरून ठेवलं.

हिवाळ्याच्या तोंडचा पहिला बर्फ सगळ्यात वाईट, असं ती सांगायची. का वाईट, ते मला कळेना. मग तिनं सूप घेतलं. तळाला बाजरी पसरली. "हा पहिला बर्फ. थंडीनं असा दाना दाना मोकळा हुतो." त्यावर पीठ थापलं. "हा नवा." आणि सूप तिरकं केलं. पिठाचा अख्खा थर माझ्या मांडीवर.

"कळलं?"

"पीठ सांडलं, एवढं कळलं. अगं, दुष्काळ हाय!"

"गोळा करा, भाकरी थापते. खालचा धरत न्हाई म्हनून वरचा सुटतो. नवा पडला की चार दिस हलायचं न्हाई. बसू द्यायचा."

बर्फ बसतो म्हणजे काय करतो, हे मला अजून कळलेलं नाही.

विहिरीच्या पायऱ्यांवरसुद्धा ती बायकांना एकेक सोडायची. वर हंडे घेऊन बायका ताटकळायच्या आणि शिव्या द्यायच्या. "अवं काकू, हितं प्यायला पानी न्हाई, बर्फ कुठनं यायचा?" ही ढिम्म. "नीट जा गं, मी बघतीया."

एकदा मी भडकलो. "पोरगा तिकडं अन कवायत आमची? डोकं फिरलंय का तुझं?"

ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकडं त्याच्याकडं बघत कुनी थांबत आसंल का, मला काय ठाव? आपन हितं थांबलो, तर तिकडं बी कुनी थांबंल."

मला हा हिशोब समजला नाही. पण तेव्हापासून मी मुकाट थांबायला लागलो.

त्या बाजाराच्या दिवशी घरी येऊन तिनं पाटी उतरवली, भिंतीला टेकली आणि पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला तोवर ती गेली होती. दिवस मावळायच्या आत तिला पोचवली. अग्नी मी दिला.

तिचा भाऊ तात्या म्हणाला, "दाजी, सकाळीच पोराला तार करा. आईचं त्वांड न्हाई दिसलं, दहाव्याला तरी येऊ द्या." भावकीही तेच म्हणाली.

मला काही सुधरेना. त्याच दुपारी बाजारात हॉटेलातल्या रेडिओवर सांगितलं होतं की उत्तरेकडं यंदा बर्फ लवकर पडला. हौसा ऐकत रस्त्यातच उभी राहिली होती. वाटभर तिचं एकच, आता चार दिवस किसननं हलू नये. तार मिळाली तर किसन तासाभरात निघणार. आईवेडा पोरगा, कुणाचं ऐकायचा नाही. न कळवावं, तर आई गेली आणि पोराला पत्ता नाही. असलं काही अडलं की मी हौसाला विचारायचो. आता कुणाला विचारू?

सकाळी तात्या मला शेवगावच्या पोस्टात घेऊन गेला. त्यानं तारेचा कागद मागितला. मी म्हणालो, "मास्तर, साधं कार्ड द्या."

"दाजी, खुळं झालात का? कार्ड कवा पोचायचं?"

"उशिरा पोचू दे."

"लोक काय म्हनतील? बाप हाय का कोन?"

मास्तरांनी टाक दिला. माझं अक्षर वाकडं. लिहिलं, "आई गेली. सगळं नीट केलं. सावकाश ये."

तात्या पायऱ्या उतरून निघून गेला. मी कार्ड पेटीत टाकलं. पडल्याचा आवाज काही आला नाही, म्हणून जरा वेळ तिथंच उभा राहिलो.