स्पंज आणि पुठ्ठ्याच्या मधे

बाइंडरकाकांचा फोन हरवला तेव्हा शनिवारचे पाच वाजले होते, आणि सहाला लेकीचा फोन यायचा होता.

आता फोन काय, कुणाचाही हरवतो. पण काकांच्या आख्ख्या आठवड्यात शनिवारचे सहा सोडले तर दुसरं काही नव्हतंच. लेक दूरदेशी. दहा मिनिटं बोलायची, त्यातली चार "ऐकू येतंय का?" यात जायची आणि उरलेल्या सहा मिनिटांवर काका पुढचा शनिवार गाठायचे. काकू गेल्यापासून हा असाच कारभार होता.

फोन लेकीनंच पाठवलेला. बारीक इतका, की हातात आहे की नाही हे बघूनच ठरवावं. कॅमेरा तर नुसतं पाहत राहावं असा, सुईच्या नेढ्यातल्या दोऱ्याचे तंतू मोजून घ्या! काकांनी त्यावर अकराशे फोटो काढले होते. शिवलेली पुस्तकं, कपातला चहा, समोरची रिकामी खुर्ची. ते बघायला कुणी नव्हतं, हा काही कॅमेऱ्याचा दोष नव्हे. त्याचे दोष दोनच. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची, म्हणून काका चार्जर खिशात घेऊनच हिंडायचे. आणि फोन जिथे ठेवावा तिथलाच होऊन जायचा.

शेजारच्या दुकानातल्या शिंपीणबाईंनी आपल्या फोनवरून रिंग दिली.

"जातेय रिंग, काका. पण इथे तर काही वाजत नाही. शेवटचा फोटो कशाचा काढलात?"

"त्या निरोपाच्या अल्बमचा. पुठ्ठा कापला, फोटो काढला, फोन खाली ठेवला. मग पुठ्ठ्यावर स्पंज टाकला, वरून रेक्झिन ओढून चिकटवलं..." काका बोलता बोलता थांबले.

"खाली म्हणजे कुठे ठेवलात?"

"पुठ्ठ्यावर."

"अगं बाई! म्हणजे तुम्ही फोन बाइंड केलात?"

चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक पान उलटं लागलं नव्हतं. अल्बम केव्हाच गेला होता. साडेचारलाच कचेरीचा कारकून येऊन बसनं घेऊन गेला होता; आत्ताची रिंग त्या बसच्या गोंगाटातच विरली असणार.

काका धापा टाकत त्या कचेरीत पोचले तेव्हा सभागृह भरलेलं होतं. हेडक्लार्कसाहेब आज निवृत्त होत होते. अल्बम त्यांच्या मांडीवर होता आणि व्यवस्थापक भाषणाला उभे होते.

"अल्बम जरा परत हवाय," काका दाराशी कारकुनाला म्हणाले. "दोष राहिलाय त्यात."

"कसला दोष? झकास झालाय की!"

काय सांगणार? आत फोन राहिलाय म्हणून? इतकी वर्षं कमावलेलं नाव एका वाक्यात मातीत जायचं. काका मुकाट्यानं शेवटच्या रांगेत बसले आणि भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले.

"आणि साहेब," व्यवस्थापक शेवटाकडे आले, "या अल्बमचं पानन्पान तुमच्याशी बोलेल!"

सहा वाजले. अल्बम बोलला.

"आजोबा, फोन उचला! आजोबा, उचला ना!"

काकांच्या नातीचा आवाज होता तो. लेकीनंच तो रिंगला लावून दिला होता. सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट! अशी कल्पना कुणाला सुचली म्हणून जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. साहेबांनी कव्हरवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

काकांना राहवेना. त्यांनी खिशातून कटर काढला, उघडला आणि ते साहेबांकडे धावत सुटले. पहिली रांग उठून भिंतीला चिकटली. काकांनी अल्बम ओढला, एका रेघेत रेक्झिन चिरलं, त्यात स्वतःचा अंगठाही थोडा चिरला, फोन बाहेर काढला आणि हिरवं बटण दाबलं.

"बाबा?" लेक म्हणाली.

"धरा त्याला! चाकू आहे हातात!" कारकून ओरडला.

आणि बॅटरीनं मान टाकली.

मग खुलासे झाले, हसणं झालं, कुणीतरी काकांना चहा दिला. हळूहळू लोक घरी गेले. साहेब मात्र चिरलेला अल्बम घेऊन तिथेच बसून होते.

"म्हणजे ते मला नव्हतं," ते म्हणाले.

"नाही साहेब. माझी नात ती. माफ करा."

"अहो, माफी कसली? आजोबा म्हणून हाक तरी कानावर पडली." साहेबांनी आपला जाडजूड बटणांचा फोन पुढे केला. "यावरून लावा लेकीला. याचं चार्जिंग आठ आठ दिवस टिकतं."

"कसं काय?"

"कुणाचा फोनच येत नाही."

काकांनी तो हातात घेतला खरा, पण लेकीचा नंबर पाठ कुठे होता? तो मेलेल्या फोनात. मग खिशातला चार्जर आठवला, तो लावला आणि दोघं दोन खुर्च्या ओढून भिंतीशी बसले. साहेबांनी विचारलं म्हणून काकांनी स्पंज कसा ताणायचा ते सांगितलं. काकूंच्या आजारपणाबद्दलही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

वीस मिनिटांनी फोन जिवंत झाला आणि लगेच वाजला.

"बाबा! कुठे होतात? कोण होता तो चाकूवाला? माझे हातपाय गळाले हो! हे बघा, मी तिकीट काढलंय. परवा पोचते. पोरीलाही आणतेय."

"अगं, तसं काही नाही, तो चाकू तर..."

साहेबांनी झटकन काकांचा हात दाबला. "गप्प बसा हो," ते कुजबुजले. "येऊ द्या तिला."

"बाबा, खरं सांगा. लागलंय का तुम्हाला?"

काकांनी अंगठ्याकडे पाहिलं. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"हो," ते म्हणाले, "लागलंय थोडं. ये तू."