क्वेइलानबाईंचं पहिलं अक्षर

“तीन महिने झाले, बाई अजून पहिल्याच अक्षरावर,” म्हातारा तांग पेजेच्या वाडग्यात तोंड घालून पुटपुटला.

“ऐकू येतं हं मला,” म्हणत त्याच्या बायकोनं, क्वेइलानबाईंनी, इंग्रजी शब्दांच्या पुस्तकात पुन्हा डोकं घातलं.

पुस्तक अक्षरक्रमानं लावलेलं. आणि पान तोंडपाठ झाल्याशिवाय उलटायचं नाही, ही चेंगडूच्या शाळेतली शिस्त पन्नास वर्षांनंतरही बाईंच्या अंगात मुरलेली. त्यांना विचारायचा होता एकच प्रश्न. होणारा जावई कॅलम लग्नानंतर त्यांच्या यूतुंगला स्कॉटलंडला नेणार, की दोघं इथंच चीनमध्ये राहणार? लेकीला भाषांतर करायला सांगितलं की तिला नेमकं काहीतरी काम आठवायचं. शेवटी बाईंनी स्वतःच कंबर कसली. पण ‘नेणं’ आणि ‘राहणं’ यांचे इंग्रजी शब्द पडले पुस्तकाच्या पार शेपटाला, आणि कॅलम तर रविवारी जेवायला दारात हजर!

“ॲक्सिडेंट?” बाईंनी हसून स्वागत केलं. प्रवास नीट झाला ना, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्यानं घाबरून स्वतःचे हातपाय चाचपले.

पाहुण्याचं वाडगं रिकामं दिसणं बाईंना खपत नसे, आणि वाडग्यात उष्टं टाकणं त्याच्या आईनं त्याला शिकवलेलं नव्हतं. तो चाटूनपुसून संपवी, बाई “अगेन” म्हणून तिखटजाळ मासा वाढत. पाचव्या वाडग्याला पोराचे कान लाल झाले, सातव्याला उचकी लागली.

“ॲम्ब्युलन्स?” बाईंनी मायेनं विचारलं.

तीन महिने घोकंपट्टी ऐकून म्हाताऱ्याच्या डोक्यात तेवढा एकच शब्द बसला होता. त्यानं तडक फोन लावला. दवाखान्याची माणसं स्ट्रेचर घेऊन धापा टाकत सहा जिने चढून आली, कॅलमची नाडी बघितली, बाईंना झापलं आणि जाताना मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन गेली.

मग घरात नुसती उचकी तेवढी ऐकू येत राहिली.

“पोरी,” म्हातारा शेजारी बसलेल्या यूतुंगला म्हणाला, “आता विचारच त्याला. नेणार का तुला तिकडे?”

यूतुंगनं कॅलमकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तो कुठला नेतोय, बाबा,” ती म्हणाली. “मलाच जायचंय.”